केबलकाकूंची वही

केबलकाकूंसमोर खोटं बोलायची सोय नाही. त्या ओरडत नाहीत, रागावत नाहीत, नुसत्या गप्प बसून राहतात, आणि तेच जास्त अवघड जातं. कॉम्प्युटर बिघडला म्हणून बोलावलं की त्या आधी हात धुतात, खुर्ची ओढून बसतात, पिशवीतून चौकटीच्या कागदाची वही काढतात आणि विचारतात, शेवटचं नीट कधी चाललं होतं? ते लिहून झालं की दुसरा प्रश्न, त्यानंतर तुम्ही काय काय केलंत? इथे झाडून सगळी माणसं एकच उत्तर देतात, काहीच नाही. मग काकू पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसतात. पाच मिनिटांत समोरचा माणूस घडाघडा बोलायला लागतो.

केबलकाकू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. एकोणिसाव्या वर्षी त्या एका केबलवाल्याच्या ऑफिसात फोन घ्यायला लागल्या. एकदा खांबावर चढणारा माणूस सलग तीन दिवस आला नाही आणि अर्ध्या वस्तीचे टीव्ही बंद पडले. फोनवर शिव्या खाऊन खाऊन त्या इतक्या वैतागल्या की कमरेला पट्टा बांधून स्वतःच खांबावर चढल्या, आणि मग तेवीस वर्षं चढतच राहिल्या. पुढे टीव्ही इंटरनेटवर आला आणि केबलचा धंदा बसला. दुसरी कुणी असती तर नशिबाला बोल लावत बसली असती. काकूंनी वाचनालयातले भंगारात निघालेले अकरा कॉम्प्युटर मागून घेतले, त्यांच्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स चढवलं, आणि ते कसं चालतं हे त्याच कॉम्प्युटरांवर चुका करत करत शिकल्या. ते अकराही अजून चालतात. मला तर मिक्सरचं बटणसुद्धा कधीकधी उलटं फिरवायची सवय आहे, त्यामुळे मला या बाईचं किती कौतुक वाटतं ते वेगळं सांगायला नको.

आणि ती वही! प्रत्येक कामाला एक चौकट. वर बिघाड, मध्ये काय काय करून पाहिलं ते, आणि सगळ्यात खाली कारण. हे कारण त्या लगेच लिहीत नाहीत. आठ दिवस सगळं नीट चाललं तरच येऊन लिहितात. कारण सापडलं नाही तर "कळलं नाही" असं लिहितात. मी एकदा म्हटलं, अहो, काहीतरी लिहायचं, कोण बघतंय? त्यावर त्या म्हणाल्या की पुढच्या वेळी मलाच बघायचं असतं, आणि मी स्वतःला कशाला फसवू?

आमच्या घरी जुना लॅपटॉप आहे तो बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. बाबा चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायच्या आधी मजकुरातली प्रत्येक चूक शोधायची आणि पान बिनचूक झालं की खाली आपली छोटी सही करायची, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावरही प्रेसवाले त्यांच्याकडे अवघड कामं पाठवतात. लॅपटॉपवरही काकूंनीच लिनक्स घातलं होतं, आणि स्क्रीन लहान पडते म्हणून त्यांनी त्याला एक मोठा मॉनिटर जोडून दिला होता. या वेळी काम होतं नर्सिंगच्या मुलींच्या पुस्तकाचं. कोणतं औषध, किती मात्रा, किती वेळाने, असे तक्ते. बाबा मान ताठ करून सांगत, "कादंबरीत चूक राहिली तर वाचक हसतो. यात राहिली तर पेशंट जातो."

आणि नेमका त्याच कामात मॉनिटर बंद पडला.

मी सकाळी दवाखान्यात केसपेपर काढायच्या कामावर जाते, आमचे हे डेपोत जातात, म्हणजे दुपारपर्यंत घरी बाबा एकटेच. त्या दिवशी मी आले तर बाबा हात बांधून बसलेले, लॅपटॉप चालू, आणि मोठा मॉनिटर काळाठिक्कर. वर फक्त "नो सिग्नल". संध्याकाळी हे आले आणि त्यांच्या अंगात इंजिनियर संचारला. इंटरनेटवरून बघून बघून रात्रीपर्यंत त्यांनी त्या मशीनचे असे काही हाल केले की शेवटी लॅपटॉपच्या स्क्रीनवरची अक्षरंही चपटी दिसायला लागली. मी जे बोलायचं ते बोलले. दुसऱ्या दिवशी केबलकाकूंना फोन केला.

काकू आल्या, हात धुतले, वही काढली. ह्यांनी नेहमीचं उत्तर दिलं, काहीच केलं नाही. काकू खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग ह्यांनी एकेक कबुली द्यायला सुरुवात केली, आणि वहीत अकरा गोष्टी झाल्या. नवा ड्रायव्हर टाकला, मॉनिटरचा वेग वाढवला, कुठल्याशा फाईलमध्ये कुणीतरी सांगितलेल्या चार ओळी घातल्या, टीव्हीची वायर लावून पाहिली. अकरावी गोष्ट होती, लॅपटॉपला लागलेली पिन जरा बाहेर आली होती ती आत दाबली.

"हे अकरावं?" काकूंनी विचारलं. हे म्हणाले हो. काकूंचं पेन क्षणभर थांबलं.

मग पिन तशीच ठेवून त्यांनी शेवटापासून उलटं यायला सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट पूर्वीसारखी करायची, मॉनिटर येतो का बघायचं, वहीत टिक करायची, मग पुढची. ह्यांचा जीव वरखाली होत होता, एकदम सगळं पुसून टाका ना म्हणून. काकू म्हणाल्या की एकदम केलं तर मॉनिटर येईल, पण कशाने आला ते कळणार नाही. त्या चार ओळी काढल्या आणि मॉनिटर लागला. मी म्हटलं, झालं बाई एकदाचं. काकूंनी मात्र माझ्याकडे नेलपॉलिश मागितली. मला वाटलं माझी चेष्टा करतायत. त्यांनी लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली, अर्धी पिनेवर आणि अर्धी लॅपटॉपच्या कडेवर. खांबावरच्या जोडांनाही त्या अशीच रेघ ओढायच्या. कुणी जोड हलवला की रेघ तुटते.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर मॉनिटर परत काळा. तिसऱ्या दिवशीही तेच. हे पिन दाबायचे, मॉनिटर यायचा, सकाळी परत जायचा. माझं डोकं फिरलं आणि मी बाबांना तोडून बोलले, की तुम्हीच कुठेतरी हात लावत असाल. बाबा उठून आत गेले, जाताना खुर्चीला अडखळले, आणि मी मूर्ख, मला वाटलं ते रागावलेत.

काकू परत आल्या. टॉर्च घेऊन त्यांनी रेघ पाहिली, ती तुटलेली होती. मग लॅपटॉपमध्ये काहीतरी टाईप केलं आणि भराभर ओळी येऊ लागल्या. मॉनिटर कधी जोडला गेला, कधी सुटला, हे सगळं ते मशीन स्वतःच लिहून ठेवतं म्हणे. काकूंनी ते वाचलं, दोन आकडे वहीत उतरवले आणि उभ्या राहिल्या. ह्यांनी विचारलं, पिनच ढिली ना? काकू म्हणाल्या, उद्या सकाळी दहाला येते.

मी हट्टाने रजा टाकली. म्हटलं, एकदा काय तो सोक्षमोक्ष होऊ दे. काकू आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि मी घरी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. दार उघडं होतं. मी ऐकलं, आणि ऐकायला नको होतं असं आजही वाटत नाही.

"काका, पिन तुम्ही काढता ना?"

मग काकूंचाच आवाज. "आपोआप निघाली असती तर घड्याळ बघून निघाली नसती. रोज दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सुटते. फाईल उघडली की थोड्या वेळाने. कोणी काढली ते मला समजलं. का काढली, ते वायरीवरून समजत नाही."

मग बाबा म्हणाले, "मला टिंब दिसत नाही गं."

आकड्यांमधलं टिंब, शून्य पॉइंट पाच मधलं. मधोमध बघितलं की तिथे नुसता डाग दिसतो, म्हणाले, कडेची अक्षरं दिसतात पण मधलं जातं. आम्हाला सांगत होते चष्म्याचा नंबर वाढलाय. आता पुढचं काम न वाचता सही करून पाठववत नव्हतं, आणि दिसत नाही हे तोंडातून निघत नव्हतं. मॉनिटरच बंद आहे म्हटलं की एक दिवस ढकलला जायचा.

काकूंनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. वही उघडल्याचा आवाज आला. "शेवटचं नीट कधी दिसलं? कुठलं पान?"

"बत्तीस."

"सही कुठपर्यंत झाली?"

"एकाहत्तर." बाबा म्हणाले. "एकोणचाळीस पानं अंदाजाने सोडली मी. चाळीस वर्षांत एक पान सोडलं नव्हतं."

मी बाहेर आले. त्यांना तोडून बोलल्याची इतकी लाज वाटत होती की मी त्यांचे पाय तेवढे धरले. बाबा म्हणाले, "अगं, तू बरोबरच बोलली होतीस."

काकूंना रडारड चालत नाही. त्यांनी कामाला सुरुवात केली, तशीच, एका वेळी एक गोष्ट. अक्षरं तळहाताएवढी केली. टिंब दिसेना. वहीत लिहिलं. मागचा रंग काळा, अक्षरं पिवळी केली. टिंब कधी दिसे, कधी नाही. काकूंनी "भरवशाचं नाही" असं लिहिलं. मग प्रेसकडून साधी टाईप केलेली फाईल मागवली आणि लिनक्समधला वाचून दाखवणारा प्रोग्राम चालू केला. लॅपटॉपमधून एक नाकातला, यांत्रिक आवाज यायला लागला. जोडाक्षर आलं की अडखळायचा.

"हा कोण बोबडा?" बाबा म्हणाले. "याला शाळेत कुणी घातलं नव्हतं का?"

पण तो बोबडा टिंब सोडत नव्हता. शून्य पॉइंट पाच, म्हणाला. बाबांनी परत ऐकलं. मग आणखी एकदा. मग पाठ सरळ केली आणि माझ्याकडे फोन मागितला. प्रेसच्या मालकांना त्यांनी काही आडपडदा न ठेवता सांगितलं, की तेहतीस ते एकाहत्तर पानांवर माझी सही आहे ती धरू नका, मला दिसत नव्हतं, ती पानं परत पाठवा आणि मी कशी वाचणार तेही ऐकून घ्या, पटलं नाही तर काम दुसऱ्याला द्या. मालक पलीकडून काय म्हणाले ते कळलं नाही, पण पानं आली.

त्याच आठवड्यात आम्ही बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचं, असं ते म्हणाले. मग रोज दुपारी मी आणि बाबा कामाला बसायचो. बोबडा छापायचं पान वाचायचा, पुस्तकाच्या लेखिकेची मूळ प्रत माझ्या हातात, आणि बाबा डोळे मिटून ऐकायचे. माझ्या नजरेतून चूक सुटली तरी त्यांच्या कानातून सुटायची नाही. अठ्ठावन्नाव्या पानावर बोबडा म्हणाला, पाच मिलिग्रॅम. माझ्या हातातल्या कागदावर शून्य पॉइंट पाच होतं. मी काही बोलायच्या आत बाबांचा हात टेबलावर आपटला. "लहान मुलाला पाच? थांबव." मी चहा केला, तो तसाच गार झाला.

आठव्या दिवशी संध्याकाळी केबलकाकू आल्या. मॉनिटर चालू, रेघ नवी ओढलेली, अखंड. ह्यांनी विचारलं, मग शेवटी निघालं काय? मला ना बाबांनी सांगितलंय ना हिने. काकूंनी वही काढली, आमची चौकट काढली, आणि कुणाकडे न बघता खाली लिहिलं. मी वाकून वाचलं. कारण : पिन ढिली.

"कळलं नाही" लिहायलाही न लाजणारी ही बाई आमच्या बाबांसाठी खोटं लिहीत होती.

"काय लिहिलंस? वाच," बाबा म्हणाले.

काकूंनी वाचलं.

"चूक आहे. खोड ते." बाबा खुर्चीत पुढे सरकले. "लिही. पिन मीच काढत होतो. टिंब दिसत नव्हतं, आणि ते घरात सांगायची हिंमत नव्हती."

हे बाबांकडे बघतच राहिले. काकूंनी आधीची ओळ एका रेघेने खोडली आणि सांगितलेलं शब्दशः लिहिलं. बाबांनी वाचून दाखवायला लावलं. ऐकून म्हणाले, बरोबर. मग पेन मागितलं. ह्यांनीच उठून त्यांचं बोट धरून कागदावर ठेवलं, इथे, बाबा.

सही जरा वाकडी झाली आणि शेजारच्या कोऱ्या चौकटीत गेली. काकूंनी ती वाळू दिली आणि वही मिटली. परवा त्या माझ्या दवाखान्यातला कॉम्प्युटर बघायला आल्या होत्या. मी मुद्दाम वहीत डोकावले. ती शेजारची चौकट त्यांनी बाबांच्या सहीलाच सोडली होती, पुढचं काम खालच्या ओळीत लिहिलं होतं.