दाखवायला काढलेलं इंग्रजी

सुनेला इंग्रजी यायला हवं, हे खूळ आमच्या लहानपणी गिरगावात नव्याने शिरलं होतं. तिने जन्मात दोन इंग्रजी शब्द बोलू नयेत, पण येत मात्र असावेत! मेल्यांचं ते खूळ मला भोवलं. आज सांगतानाही डोक्यात तिडीक उठते.

मी तेव्हा बारा वर्षांची, मुलींच्या शाळेत इंग्रजी दुसरीत. कानाला सारखे लागणारे शब्द बाईंनी आम्हाला पाढ्यांच्या चालीवर पाठ करायला लावले होते. 'एस-ओ-एन मुलगा, एस-यू-एन सूर्य.' 'एच-ई-ए-आर ऐकणे, एच-ई-आर-ई इथे.' भांडी घासताना, धाकट्याला झोके देताना माझं तेच चालायचं. आई वैतागायची, "काय गं बाई हे तुझं मुलगा-सूर्य, मुलगा-सूर्य!" पण मला त्या शाळेवाचून करमत नसे, सुट्टीच्या दिवशी तर घर खायला उठे.

मग स्थळ आलं. मुलगा परळचा, बी. ए.ला बसलेला, सभांतून स्त्रीशिक्षणावर बोलून टाळ्या घेणारा. माझे वडील फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. त्यांना आभाळ ठेंगणं झालं. मला जवळ बसवून म्हणाले, "मुलगा स्वतः तुला इंग्रजी शुद्धलेखन घालणार आहे. एक चूक करू नकोस. खूश झाला तर लग्नानंतरही तुझी शाळा चालू राहील. त्यांनी तसा शब्द दिलाय." मग काय विचारता! सगळा आठवडा मी जेवतानासुद्धा घोकत होते.

रविवारी मंडळी आली. आधी मला चालवून पाहिलं, मग वेणी सोडून केस पाहिले, मग दात. बाजारात बैलाचे बघतात तसे! दुसऱ्या कुठल्या वेळी मी रडून घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मुकाट्याने सोसलं, कारण पाटी कधी हातात येते असं मला झालं होतं. अखेर मुलाने खाकरून वाक्यं सांगायला सुरुवात केली. 'माय सन इज सिटिंग इन द सन.' 'आय हिअर दे आर हिअर.' 'आय न्यू द न्यू मास्टर.' माझं एक अक्षर चुकलं नाही. त्याने पाटी आपल्या मामाला दाखवली, मामाने सगळ्या बैठकीत फिरवली. "करेक्ट!" तो म्हणाला, तेही मामाकडे बघून. मी कुणी तिथे बसलेच नव्हते जणू. पानसुपारी झाली, स्थळ पक्कं झालं.

सोमवारी सकाळी मी पळतच शाळेत गेले. एकही चूक झाली नाही, हे बाईंना कधी सांगते असं झालं होतं. त्यांनी मला दारातच थांबवलं.

"अगं, तू कशी आलीस?" त्या म्हणाल्या. "तुझं नाव काढलंय ना पटावरून. वडील येऊन गेले तुझे, शनिवारी."

शनिवारी! म्हणजे ती मंडळी आमच्या घरात पाऊल टाकायच्या आदल्या दिवशी. मी एकन्एक अक्षर जपून लिहीत होते, तेव्हा शाळा माझी राहिलेलीच नव्हती.

घरी आले ती तणतणतच. वडील पगडी चढवून कचेरीला निघाले होते. त्यांच्यापुढे मी कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली.

"तुम्ही आधीच नाव काढलंत! मग मला खोटं का सांगितलंत? शब्द दिलाय म्हणालात!"

"अगं कार्टे, बापाशी बोलतेयस!" आई आतून धावत आली.

वडील रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यावर टपली मारून ते कौतुकाने हसले.

"वेडी कुठची! तसं सांगितलं नसतं, तर इतकं छान लिहिलं असतंस का?"