हुकूम, हकीम, हिकमत

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज वेलचीच्या चहाचा वास आला आणि दौंड स्टेशनवरचं बाकडं आठवलं. मी शिकवायचो त्या शाळेतले उर्दूचे सर सांडलेल्या चहात बोट बुडवून बाकड्यावर ह, क, म ही अरबीची तीन अक्षरं काढायचे. "बघा गुरुजी, हुकूम, हकीम, हिकमत, सगळी एका घरची. मूळ अर्थ लगाम घालून आवरणं. आता अजून एक सांगा, न्हाईतर चहा तुमच्याकडं!" हसता हसता आमची गाडी सुटायची. पुढं शिरूरच्या व्याख्यानात हे सगळं मी माझाच शोध म्हणून सांगितलं, आणि पहिली टाळी सरांनीच वाजवली. "मैदान मारलंत की, गुरुजी!" त्यानंतरही आमचा चहा चालूच राहिला, अगदी ते जाईपर्यंत. दर कपाला ओठांवर आलेलं वाक्य मात्र मी गिळत गेलो: सर, त्या दिवशी तुमचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही, मला माफ करा.