बॉल हातात नसताना

कुवेतमध्ये सालमियाला जाणाऱ्या बसमध्ये एक फिलिपिनो रोज माझ्या शेजारी बसून मोबाईलवर अमेरिकेतल्या कॉलेजांचे बास्केटबॉल सामने बघायचा. ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजातली पोरं निवडून घ्यायच्या, पहिल्या फेरीत मोठ्या टीम कोणाला घेणार, याचे अंदाज बांधायचा त्याला नाद. कोणी बास्केट केली की मी तिकडे बघायचे. तो मात्र बचावासाठी मागे धावत सुटलेल्या दुसऱ्याच पोरावर बोट ठेवायचा.

“बॉल हातात असला की सगळेच चांगले दिसतात, सिस्टर. नसताना काय करतो ते बघायचं.”

एकदा आमच्या वॉर्डात सीनियर नर्सची जागा माझ्याऐवजी मैत्रिणीला मिळाली. तिच्यासाठी केक मीच मागवला, प्लेटाही मीच आवरल्या. बसमध्ये त्याला हे सगळं सहज सांगितलं.

त्याने चालू सामना बंद केला.

“पहिल्या फेरीत,” तो म्हणाला, “मी तुम्हालाच घेतलं असतं.”