चार नंबरच्या संचावरची सही

आमच्या वीजघराच्या फाटकावर कंपनीनं लावलेल्या त्या पाटीला काळं फासावं असं मला रोज वाटतं. पाण्यापासून इतके मेगावॉट, कोळशापासून इतके, उन्हापासून इतके. उन्हापासून म्हणे! सौर पट्ट्या अजून राजधानीत, लुसाकाच्या गोदामात पेट्यांत पडून आहेत. आणि पाण्याच्या आकड्यात चार नंबरचा जनित्र-संच धरलाय, जो सहा वर्षं फिरलेला नाही.

फिरेल कसा? बाशी चोल्वेंनीच तो आतून रिकामा केला. चोल्वेचे बाप, म्हणून बाशी चोल्वे. खरं नाव फक्त हजेरीत. कंपनी सुटे भाग देईना, मग म्हातारा चारची बेअरिंगं काढून तीनला लावी. तीस वर्षं फिटर. मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. आमच्या वीजघरातली रीत अशी, की 'संच ठीक' म्हणून सही करणाऱ्यानं तो सुरू होताना कवचावर हात ठेवून उभं राहायचं. काही उडालं तर आधी त्याला लागेल.

दुष्काळात धरण आटलं, अर्धा देश अंधारात गेला. तशात परदेशी पाहुणे क्षमता बघायला येणार, म्हणून मुख्य कचेरीतून म्विलासाहेब कागद घेऊन आला.

"चार नंबर उत्तम स्थितीत. करा सही."

"करतो की," बाशी चोल्वे म्हणाले. "तुम्ही सुरू करा, मी हात ठेवून उभा राहतो."

"पाणी नाही म्हणून बंद आहे, असं सांगायचं. कोण उघडून बघतंय?"

"पाण्याच्या नावावर बिल फाडू नका, साहेब. आत काही नाही. या, डोकं घालून बघा."

"निवृत्तीला चार महिने राहिलेत, म्हाताऱ्या. क्वार्टर आत्ताच सोडायचंय?"

"सोडतो. पण सही नाही."

आणि त्या नालायकानं खरंच त्याच आठवड्यात त्यांना बाहेर काढलं! तीस वर्षांच्या नोकरीची ही किंमत! त्यांची बायको मक्याच्या पिठाच्या न्शिमाचं गरम पातेलं फडक्यात धरून चालत निघाली. मी गादी उचलायला गेलो, तर बाशी चोल्वेंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तू राहू दे, ओबर्ट."

एवढंच बोलले. कागदावर दुसऱ्याच दिवशी सही झाली होती, आणि ती कुणाची हे त्यांना कळलं होतं. माझी. घरात तान्ही पोर, सासुरवाडीत एका खोलीत आठ माणसं, म्हणून केली.

म्विलासाहेबाला मी येताजाता शिव्या घालतो. राहतो मात्र बाशी चोल्वेंच्या क्वार्टरमध्ये.