गुलाबी फितीची सुट्टी

जबलपुरातल्या गोहलपूरच्या त्या सलवार-सूटच्या कारखान्यात हेमलता दीदीला घाबरत नाही असं कोणी नव्हतं, आणि हेमलता दीदीला ज्याच्याबद्दल आदर वाटतो असंही कोणी नव्हतं. मालक तिच्या मते भित्रा, मालकाचा मुलगा दिखाऊ, कटिंगवाले पुरुष कामचोर आणि शिलाईवरच्या पोरी फुंकर मारली तर उडतील अशा. नवऱ्याला, अश्वजीतला, ती मानत असे. पण त्याला ते कळू न देण्याची काळजी घेत असे.

तिचे वडील भंडाऱ्याकडून जबलपूरला आले, दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले आणि मदन महलच्या टेकडीखाली दोन खोल्या घेऊन राहिले. शेजारी एक पुराणिकबाई होती. महिन्यातले काही दिवस ती मागच्या पडवीत गोणपाटावर बसून असायची. ताट वेगळं, तांब्या वेगळा. हेमलताची पाळी सुरू झाली त्या दिवशी तीही तशीच कोपऱ्यात जाऊन बसली. आईने, गीताबाईने, तिला दंडाला धरून उभं केलं.

"कोणी बसवलं तुले इथं?"

"ती पुराणिकबाई बसते ना."

"बसू दे तिला. आपल्याले तर या लोकांनी बाराही महिने बाजूला बसवून ठेवलं होतं. त्यातून बाबासाहेबांनी उठवलं. आता आपणच आपल्या पोरीले बसवायचं काय? ऊठ, पाणी भर."

हेमलता उठली, तिने पाणी भरलं, आणि पुढे कधी म्हणून बसली नाही. मालक बापूसाहेबांच्या कारखान्यात कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनवर लागली, तेव्हा महिन्याच्या त्या दिवसांत तिच्या अंगावरून इतकं जायचं की खुर्चीवर चादरीची घडी घालून बसावं लागे. ओठ दाबून ती मशीन चालवी. दोन बाळंतपणांनंतर त्रास वाढला. डॉक्टरीणबाईने पिशवी काढायला सांगितली, तर लग्नसराईचा माल निघून जाईपर्यंत तिने ऑपरेशन पुढे ढकललं आणि टाके ओले असतानाच परत कामावर आली. बापूसाहेबांनी तिला शिलाईच्या लाइनीची इनचार्ज केलं. तेव्हापासून कोणी पोट धरून बसलं की तिला मनस्वी संताप येई. आपण हे सगळं गिळलं, मग या कोण लागून गेल्या?

बापूसाहेब थकले आणि त्यांचा मुलगा आल्हाद पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आला. त्याला मराठी समजत होतं, बोलताना मात्र दर दोन शब्दांनी तो हिंदीत शिरायचा आणि तिथून इंग्रजीत. बाहेर कुठल्याशा राज्यात बायकांना पाळीची पगारी रजा मिळणार, अशी बातमी त्याने मोबाइलवर वाचली आणि दोन दिवसांत कारखान्याच्या दाराला गुलाबी फीत लागली. एक वार्ताहर बोलावला. केक आला. कटिंगचा सुपरवायझर बंडू समोसे वाटत फिरला. शिलाईवरच्या बायकांना हातात गुलाबी फुगे देऊन पायऱ्यांवर उभं केलं. आल्हादने भाषण केलं, "हमारी बहनों के लिए, त्या स्पेशल दिवसांसाठी, महिन्यातून एक पेड लीव्ह!" पाळी हा शब्द काही त्याच्या तोंडातून निघाला नाही.

हेमलताने फुगा शेजारणीच्या हातात दिला आणि ती मागे जाऊन उभी राहिली. पाळीसाठी फीत कापलेली ती जन्मात पहिल्यांदा बघत होती. पुराणिकबाईचं गोणपाट तरी निमूट अंथरलेलं असे, तिला वाटलं. याने त्याला झालर लावली.

रजा घ्यायची तर कशी, तेही आल्हादने ठरवून टाकलं. कारभार पारदर्शक पाहिजे म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर 'सखी' नावाचा ग्रुप काढला. ज्या बाईला सुट्टी पाहिजे तिने त्यात लिहायचं. ग्रुपमध्ये साठेक बायका होत्या, आल्हाद होता, बंडू होता, कटिंगचे सगळे पुरुष होते आणि माल नेणारा टेम्पोवाला भैयालालही होता. त्यालाही म्हणे गैरहजेरी आधी कळली पाहिजे. अर्थातच पहिला महिना कोणी काही लिहिलं नाही. आल्हादने त्याचाही फायदा उठवला. एका क्लबात जाऊन तो बोलला की आमच्या बायका इतक्या स्ट्राँग आहेत, सुट्टी घेतच नाहीत.

घेतली ती प्रियंकाने. प्रियंका बरगीकडची. बाप धरणावर मासेमारी करायचा. ही गोहलपूरला एक खोली भाड्याने घेऊन आणखी दोघींबरोबर राहायची. मराठी घर, पण बोलणं बहुतेक हिंदीत. हात बरा होता, पण महिन्यातून एकदा तिचं तोंड पांढरं पडायचं, उलट्या व्हायच्या, आणि ती मशीनवर डोकं टेकवायची. हेमलता मागून येऊन खुर्चीला लाथ मारायची. "तोंड धुऊन ये आणि पीस काढ. तू काय जगावेगळी बाई आहेस?"

पुढच्या महिन्यात प्रियंकाने सरळ ग्रुपवर लिहिलं, "आज मुझे छुट्टी चाहिए." बंडूने खाली जोडलेले हात टाकले, कोणी फूल टाकलं, भैयालालने 'गेट वेल सून' असं चित्र टाकलं. दुसऱ्या दिवशी ती कटिंग टेबलाशेजारून गेली तेव्हा पुरुष एकमेकांना कोपरं मारत होते. आणि लाइनीत सगळ्यांसमोर हेमलता म्हणाली, "आल्या का महाराणी? झाला आराम?" बायका हसल्या. हेमलताच्या विनोदाला न हसणं कोणाला परवडत नव्हतं. प्रियंकाने मान खाली घालून सुई ओवली.

घरी हेमलता अश्वजीतपुढे फणफणली. "नवं नाटक काढलं. पुन्हा बायांना बाजूला बसवायचे धंदे आहेत हे."

अश्वजीत भाजी निवडत होता. रेल्वेतून घरी आला की हे काम तो आपणहून घ्यायचा. "कोणी बसवत नाही ना तिला. तीच मागून राहिली. तू काहून चिडते?"

"माझ्या वेळेला होती काय सुट्टी?"

"नव्हती. तुला कोणी टेकू दिलं नाही, त्याचा राग तू त्या पोरीवर काढून राहिली."

हेमलताने कुकरचं झाकण असं आपटलं की शिट्टी उडून ओट्याखाली गेली.

त्यापुढच्या खेपेला प्रियंकाने सुट्टी मागितली तेव्हा महिना पुरा व्हायचा होता. बंडूने ताबडतोब लिहिलं, "पिछली बार महीने के आख़िर में, इस बार बीच में? कैलेंडर बिगड़ गया क्या बहन?" खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. ज्या माणसाला स्वतःच्या बायकोचा वाढदिवस ठाऊक नव्हता, तो एका परक्या पोरीच्या तारखा मोजत होता. हेमलताने ते चहाच्या सुट्टीत वाचलं आणि चहा तसाच मोरीत ओतला.

थोड्या वेळाने तिला केबिनमध्ये बोलावणं आलं. आत आल्हाद बसला होता. बंडू भिंतीला टेकून उभा होता, आणि खोलीवरून बोलावून आणलेली प्रियंका ओढणीची गाठ पोटाशी धरून दारापाशी उभी होती. तिच्या कपाळावर घाम होता.

"दीदी, बसा," आल्हाद म्हणाला. "आप सीनियर लेडी हो. देखिए, मिसयूज़ होता कामा नये ना. एकाने केलं की सब करेंगे. तर तुम्ही जरा हिला बाथरूममध्ये घेऊन जा आणि कन्फर्म करा."

"काय कन्फर्म करू?"

"तेच. है या नहीं."

"काय आहे की नाही?"

आल्हादने टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "दीदी, तुम्हाला समजतंय मी काय म्हणतो ते."

"मला नाही समजत. नाव सांगा ना. फीत कापली होती ना तुम्ही? कशाची कापली होती?"

आल्हादचे कान लाल झाले. बंडू मध्ये पडला, "दीदी, दो मिनट का काम है. लेडीज़-लेडीज़ में क्या शरम?"

हेमलताने प्रियंकाकडे पाहिलं. पोरगी रडत नव्हती. ती हेमलताकडे अशी बघत होती, की आता ही आपला हात धरून ओढत नेणार याची तिला पक्की खात्री आहे. मालक, बंडू आणि ही पोरगी, तिघांनीही आपल्याला त्या कामासाठी अगदी योग्य बाई समजावं, याने हेमलताला स्वतःची जी किळस आली ती तिने आजवर दुसऱ्या कोणाबद्दल अनुभवली नव्हती.

तिने केबिनचं दार सताड उघडलं आणि बंडूकडे वळली. लाइनीच्या शेवटच्या मशीनपर्यंत पोचेल असा तिचा आवाज होता.

"बंडू, तू मागच्या आठवड्यात पोट बिघडलं म्हणून घरी होतास ना?"

"हो, मग?"

"कोणी पाहिलं होतं काय? मालकाचा हुकूम आहे, सुट्टीवाल्याचं तपासून घ्यायचं. चल संडासात. मी बाहेर उभी राहते, तू करून दाखव."

मशीनी एकेक करत थांबल्या. कोपऱ्यात तुरपाई करणारी एक म्हातारी आधी फिस्सकन हसली, मग सगळी लाइन हसली, मग कटिंगचे पुरुषही आपल्याच माणसावर हसायला लागले. बंडू "मजाक मत करो दीदी" म्हणत राहिला.

"मजाक नाही. लोटा देऊ?"

आल्हादने उठून दार लावून घेतलं. प्रियंका त्याआधीच बाहेर पडली होती. ती मात्र हसली नव्हती. तिने आपल्या मशीनवरची कात्री उचलली आणि कोणाशी न बोलता ती पायऱ्या उतरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'सखी' ग्रुपवर आल्हादने कळवलं की भगिनींच्या प्रतिसादाअभावी ही योजना थांबवण्यात येत आहे. हेमलताला इनचार्जपदावरून काढून काज-बटणाच्या कोपऱ्यात बसवलं आणि लाइन बंडूकडे गेली. ज्या बायका काल पोट धरून हसल्या होत्या, त्याच आज कुजबुजायला लागल्या की दीदीने तोंड आवरलं असतं तर सुट्टी तरी राहिली असती.

"घेतली होती काय एकीनं तरी?" हेमलताने त्यांना विचारलं. "एक पोरगी घेत होती, तिला पाहून तुम्ही दात काढले."

"टोमणा तुम्हीच आधी मारला होता," तुरपाईवाली म्हातारी म्हणाली.

हेमलता बटणं लावत बसली, आणि ज्यांना ती तुच्छ लेखायची त्या मंडळींत तिने काही दिवस स्वतःलाही बसवलं.

बंडूला लाइन म्हणजे नुसतं ओरडणं वाटायचं. त्याच्या शिव्यांना कंटाळून चांगल्या हाताच्या पोरी दुसऱ्या कारखान्यांत जायला लागल्या. लग्नसराई तोंडावर, कापलेला माल ढिगाने पडून, आणि व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले. तेव्हा घरी खाटेवर पडलेले बापूसाहेब काठी टेकत कारखान्यात आले आणि त्यांनी हेमलताला बोलावलं.

"हेमलता, लाइन पुन्हा घे बाई. पोराचं चुकलं."

"घेते. पण सुट्टी परत पाहिजे."

"ती? ती बायकांची भानगड?" म्हाताऱ्याने खिडकीकडे पाहत विचारलं. "अगं, तूच तर म्हणायचीस की सगळी नाटकं आहेत."

"म्हणत होते. काहींची असतील पण. तुमच्या बंडूची नसतात काय? ग्रुप बंद करा. कोणाला सुट्टी लागली तर ती मला सांगेल, मी तुम्हाला सांगेन. काहून, कशासाठी, कोणी विचारायचं नाही. मी पण नाही."

"मग कोणीही उठून घेईल."

"घेऊ द्या. महिन्यातून एक दिवस आहे. कारखाना बुडत नाही. बुडत होता तो बंडूमुळे."

बापूसाहेबांनी काठीच्या टोकाने कापलेल्या मालाचा ढीग चाचपला. न्याय-अन्याय त्यांच्या मनात होता असं हेमलताला मुळीच वाटलं नाही. पडून राहिलेला मालच त्यांना दिसत होता. तिला तेवढं पुरेसं होतं. "ठीक आहे. पण पेपरात वगैरे काही नको," ते म्हणाले. ही त्यांची अट ऐकून ती खरोखर हसली.

संध्याकाळी ती प्रियंकाच्या खोलीवर गेली. त्या दिवसापासून काम सोडलेली प्रियंका घरीच मशीन आणून ब्लाउज शिवत होती. तिने दीदीला आत ये म्हटलं नाही. हेमलताने उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की सुट्टी परत मिळाली, ग्रुप बंद, परत ये.

"क्यों आऊँ?" प्रियंका म्हणाली. "आप ही तो लात मारती थीं कुर्सी को."

"मारत होते."

"और अब?"

"अब नहीं मारूंगी." हेमलताचं हिंदी अवघडलं तसं ती पुन्हा मराठीवर आली. "माफी मागायची मला सवय नाही. आणि तू मला अजून पण नाजूकच वाटतेस. पण दुखते ते तुझं, मी कोण मोजणारी? यायचं तर ये, नाही तर ब्लाउज शीव."

प्रियंकाने दार लावून घेतलं. आठवडाभर ती आली नाही. मग एका सकाळी येऊन आपल्या जागी बसली, आणि दीदीशी कामापुरतंच बोलली.

त्यानंतर एकदा मशीनवर झुकलेल्या हेमलताच्या शेजारी येऊन ती हळूच म्हणाली, "दीदी, कल नहीं आऊँगी."

"बरं," हेमलता म्हणाली आणि तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी माल जायचा होता. प्रियंकाचे राहिलेले पीस हेमलता स्वतः घेऊन बसली आणि दिवसभर तिच्या नावाने खडे फोडत राहिली. ही काय शिलाई आहे, हा काय काखेचा जोड आहे, या पोरीला कोणी हातात सुई दिली, आईने काय शिकवलं होतं हिला. लाइनीतल्या बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. संध्याकाळी भैयालालचा टेम्पो भरून गेला तेव्हा हेमलताची पाठ धरली होती, पण प्रियंकाचा एकही पीस मागे राहिलेला नव्हता.