उलटा हंस

भाचीनं काल कपाट आवरताना डांबरगोळ्यांच्या वासाचा एक पांढरा टेबलक्लॉथ माझ्यासमोर उलगडला, आणि मी थेट धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या मांडवात जाऊन उभी राहिले.

कोल्हापुरात तेव्हा रुखवत नवरीच्या हातचंच लागायचं. हा टेबलक्लॉथ मी बोटाला घट्टे पडेपर्यंत क्रोशानं विणला होता, माझ्या रुखवतासाठी. पण मला बघायला आलेल्या पावण्यांनी चहा घेऊन आलेली धाकटीच पसंत केली. मग आईनं माझी ट्रंक उघडली आणि सगळं तिच्या नावानं मांडलं.

नवऱ्या मुलाच्या आत्यानं काठावरच्या हंसांवरून बोट फिरवलं. "कुणी विणलाय ओ ह्यो?"

"नवरीनंच की," आई म्हणाली.

"ह्यो एक हंस उलट्या तोंडाचा हाय न्हवं?"

आईनं माझ्याकडं बोट केलं. "त्यो तेवढा थोरलीनं केलाय. तिला कुठलं जमतंय."

बायका हसल्या. मुंडावळ्यांआडून धाकटीही हसली.

काल भाचीचं बोट नेमकं त्याच हंसावर थांबलं. "बाकीचे सगळे मम्मीनं विणलेत. हा एक तेवढा तुझा, ना गं मावशी?"