पिता हयात असता पुत्राचे मुंडन

श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून, नातवाच्या मेंदूवरील शस्त्रक्रियेस वर्ष पूर्ण होत आहे त्या निमित्ताने हे लिहितो.

नातू पंचविशीचा, जन्मापासून स्वमग्न. बोलणे मोजके, तेही इंग्रजीत. परंतु क्रोध अनावर झाला की स्वतःचे डोके भिंतीवर आपटी आणि आवरायला गेलेल्या आईला चावे. औषधे थकली. दोहातल्या डॉक्टरांनी सांगितले, मेंदूत बारीक तारा सोडून सौम्य वीज देता येईल, हमी नाही. न केल्यास त्याला घरी ठेवणे अशक्य, दूरच्या संस्थेत पाठवावे लागेल.

दोहालगतच्या अल रय्यानमधील आमच्या दिवाणखान्यात मी हे सारे धीराने ऐकले. मग मुलगा म्हणाला, "आधी डोकं पूर्ण भादरावं लागेल."

मी उसळलो. पिता हयात असता पुत्राचे मुंडन? जन्मभर धर्मशास्त्र शिकविलेल्या मला मेंदूत शिरणाऱ्या तारांपेक्षा वस्तऱ्याचे भय अधिक वाटले!

"अण्णा, मी जिवंत आहे म्हणून नको म्हणता," मुलगा म्हणाला. "त्याच्या पुढच्या झटक्यात मी वाचलो तर बघू."

मी श्लोकांमागून श्लोक फेकले. आवाज चढला, टीपॉयवर मूठ आपटली, चहा सांडला. नातू कानांवर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, स्टॉप. नो हिटिंग."

सून चहा पुसू लागली. "अण्णा, डॉक्टरांना विचारू का, एका भुलीत दोन डोकी होतात का?"

चावे झाकणाऱ्या तिच्या लांब बाहीतून मनगटावरची पट्टी दिसत होती. रोग्याला हा निषेध लागत नाही, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवीत आलो होतो. ते आता कुठे आठवले.

"करा," मी म्हणालो. "फक्त मुहूर्त—"

"खलास, अण्णा!" मुलाने हात जोडले. "मुहूर्त डॉक्टरांनी दिलाय. मंगळवार."

मंगळवारी क्षौर वर्ज्य. मी ओठ आवळून मान डोलावली.

तारा बसल्या, छातीत बॅटरी बसली, वीज कमीजास्त करण्यात महिने गेले. क्रोध नाहीसा झाला नाही. मात्र तो आला की नातू आता उठून आपल्या खोलीत जातो. माझ्या शांतिपाठाला इतकी वर्षे जे साधले नाही ते बॅटरीने आरंभिले. निम्मे श्रेय मी देवाकडे ठेवले आहे. डॉक्टरांची हरकत दिसली नाही. काल त्याने आईच्या हातून वरणभात खाल्ला, तिच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या होत्या. संस्थेचा विषय आता घरात निघत नाही.

वाचकहो, तुमच्या घरी अन्न, आरोग्य आणि सौम्य वाणी अखंड नांदो, आणि तुमच्या लेकरांना आपल्याच घराचे छत्र लाभो.